अकरा काड्या

...काडी चादरीच्या विणीतच अडकून बसली होती, मोराच्या पिसाऱ्यात, जिथं एक धागा कधीचा सुटलेला होता नेमकं तिथं, आणि काशम्मा नखानं ती जसजशी उचकटून काढायला बघत होती तसतशी ती आणखीच आत शिरत होती. वीतभर कडब्याची काडी. पिवळी, टोकाला जराशी तांबूस. ओढली तर मोडेल, सोडली तर झोपेत पायाला टोचेल — आणि असल्या चिमूटभर गोष्टीपायी सकाळचे साडेनऊ वाजले तरी आपण फरशीवर बसून आहोत, कपातल्या चहावर साय धरली आहे, हे लक्षात येऊन ती स्वतःवरच चिडली. चाळीस वर्षं पोरांवर चिडून झालं. आता समोर पोरं नाहीत तर स्वतःवर. सवय थोडीच जाते.

चादर ईरप्पानं आणलेली. नवरा तिचा. कारखान्यात घडीखात्यात होता, म्हणजे मागावरून उतरलेल्या चादरी तपासायच्या, घड्या घालायच्या, विणीत चूक असेल ती बाजूला काढायची. बाजूला काढलेल्यातली एखादी कामगाराला घरी नेता येई. त्यामुळं या घरात जन्मभर चुकलेल्या चादरीच पांघरल्या... त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, चादर अजून आहे. सोलापुरी चादर ती, माणसापेक्षा जास्त टिकायचीच.

तर काड्या. उद्या नाताळाआधीच्या आगमनकाळाचा चौथा रविवार, आणि गुरुवारी नाताळ. चर्चमध्ये वेदीशेजारी लाकडी गव्हाण मांडलेली आहे, रिकामी. बाळ तीत ठेवायचं ते नाताळच्या पहाटे, त्याआधी नाही. तोवर चार रविवार संडेस्कूलच्या मुलांनी तीत काड्या टाकायच्या. आठवड्यात एक चांगलं काम केलं की एक काडी. बाळाची गादी मऊ व्हायला हवी ना, मग करा चांगली कामं. फार वर्षांपूर्वी कुणा मिशनरी मॅडमनं ही रीत घातली. त्यांच्या देशात असेल मऊ गवत, सोलापुरात कडबा. शेंड्याकडच्या बारीक काड्या वेचायच्या, पातं सोलायचं, वीतभर कापायच्या, जुड्या बांधायच्या. हे काम चौतीस वर्षं काशम्माकडं. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली, गुडघे गेले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण काड्या तिच्याच. मला द्या म्हणायची कुणाची छातीच झाली नाही.

आणि एक नियमही तिचाच. मॅडमच्या काळी मुलं यायची, काडी टाकायची, जायची. कोण विचारतंय? आणि विचारलं नाही की पोरं ती पोरंच, मूठ-मूठ टाकणार. काशम्माच्या हाती वर्ग आला तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं सांगून टाकलं — आधी उभं राहायचं, काय केलं ते तोंडानं सांगायचं, मग काडी. एक काम, एक काडी. चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या माणसांनी फार कौतुक केलं. पोरांना शिस्त लागली म्हणाले. लागलीच होती.

स्वतःच्या लेकीलाही बाईंनी सोडलं नाही, हे अजून सांगतात लोक. परवाच्या रविवारी चहाच्या वेळी कुणीतरी सांगितलंच. सुवार्ता तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. निळा फ्रॉक, दोन वेण्या, आणि मुठीत मावत नव्हत्या इतक्या काड्या. मागचं एक पोरगं फिसकन हसलं. किती आहेत गं? अकरा. अकरा — बरं, सांग. शेजारच्या आजींना सुईत दोरा ओवून दिला. एक. शाळेत नवीन मुलगी आली तिला बाकावर जागा दिली. दोन. पुढं? पुढं काही नाही. पोर गप्प. दाराकडं बघत राहिली, तिथं ईरप्पा पांढरा शर्ट घालून तिला न्यायला येऊन उभा होता. "तिकडं काय बघतेस? अप्पा सांगणार आहेत का?" आणि सगळा वर्ग हसला... काशम्मालाही तेव्हा जरा हसूच आलं होतं. मग तिनं ती मूठ सोडवली, एकेक करून नऊ काड्या काढून घेतल्या, दोन ठेवल्या. "देवाला खोटं चालत नाही, सुवार्ता." पोरीनं दोन काड्या गव्हाणीत टाकल्या आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. न रडणं म्हणजे कोडगेपणाच, असं त्या वेळी वाटलं होतं. त्या नऊ काड्या काशम्मानं जुडीत परत बांधल्या आणि पुढच्या मुलांना वाटल्या.

कोण सांगत होतं परवा? जाऊ दे. ऐकताना मात्र पहिल्यांदाच चहा कडू लागला, का ते कळलं नाही.

चादरीवर काड्यांच्या शेजारी शंभर पानी वही उघडी पडली होती, आणि तिच्यात, फळ्यावरच्या त्या तिच्या वळणदार अक्षरात, एकच ओळ — देवाची प्रीती म्हणजे — आणि पुढं सगळं पान कोरं. मंगळवारी चर्चचे पाळकसाहेब घरी आले होते. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, दर रविवारी एक: आशेची, शांतीची, आनंदाची, आणि चौथी प्रीतीची. दर वेळी एक कुटुंब पुढं येऊन मेणबत्ती पेटवतं आणि त्यातलं एकजण साक्ष देतं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर पाच मिनिटांत सांगतं. "चौथी तुम्ही पेटवा बाई," पाळकसाहेब म्हणाले. "नाताळ म्हणजे शेवटी काय, देवाची प्रीतीच की. ती तुमच्याइतकी कोण सांगणार?" तरुण माणूस, तिच्याहून तीस वर्षांनी लहान, त्याला काय ठाऊक. आणि जाताना चपला घालता घालता, "कुटुंबातलं कुणी असेल ना बरोबर?"

"आहे की. सुवार्ता येईल," काशम्मा म्हणाली.

म्हणाली खरी. सुवार्ता मोडनिंबला दवाखान्यात नर्स आहे, संसार तिकडंच. दर नाताळच्या दुपारी येते. करंज्या खाते, चांगल्या झाल्यात म्हणते, आईचं बीपी बघते, गोळ्यांची पाकिटं मोजते, चारला निघते. पण आगमनकाळात चर्चची पायरी चढत नाही. रजा नसते म्हणते. वीस-बावीस वर्षं दर डिसेंबरला रजा नसते. तक्रारीला तसूभर जागा नाही, कुणाची लेक करत नसेल इतकं करते, आणि तरी... भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड असतं, कुठून तरी आत शिरता येतं. इथं सगळं कसं स्वच्छ, घडी घालून ठेवलेलं. काल संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "पाहते अव्वा." पाहते म्हणजे? "पाहते म्हणजे पाहते." एवढंच. उद्या सगळ्या मंडळीसमोर त्या चौथ्या मेणबत्तीशी एकटीनं उभं राहायचं, आणि शेजारची मोकळी जागा लोकांना दाखवत प्रीतीवर बोलायचं, हे तिला नको होतं. आणि लोकांचं तरी काय घेऊन बसलीस काशम्मा... तुला ती शेजारी हवी होती. इतकं साधं आहे.

साक्ष. शब्द आला की पांढरा शर्टही येतोच. भूकंप झाला त्या सालचा आगमनकाळ, हाच चौथा रविवार, हीच मेणबत्ती. ईरप्पाला लग्नाआधीपासून फिट यायच्या, लग्नानंतर कळलं. किती उपास, किती प्रार्थना, मंडळीतल्या बायका घरी येऊन गुडघ्यावर बसायच्या. आणि खरंच एक सबंध वर्ष गेलं, फिट आली नाही. काशम्मा उभी राहिली आणि बोलली — काय बोलली ती, जन्मात तशी पुन्हा बोलली नाही — देवानं माझ्या माणसाला हात लावला, देवाची प्रीती आम्ही डोळ्यांनी पाहिली. बायका डोळे पुसत होत्या. ईरप्पा शेजारी, तोच पांढरा शर्ट घालून, हात जोडून उभा, मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. लाजतोय, असं तिला वाटलं होतं. नव्या वर्षात त्यानं गोळ्या बंद केल्या. बरा झालेला माणूस दुकानातून फिटच्या गोळ्या घेताना दिसला तर लोक काय म्हणतील... हे तो म्हणाला की मी? दोघांपैकी कुणीतरी म्हणालं. तिनं अडवलं नाही एवढं खरं. उलट बरंच वाटलं होतं, याचा विश्वास वाढला म्हणून.

मग एकदम दवाखान्याचा कॉरिडॉर. मधे बावीस वर्षं. न्हाणीघरात पडला, डोक्याला मार लागला, आणि तरुण डॉक्टर कागदावर लिहीत विचारत होता, फिट किती वर्षांपासून? "आता नाही येत," काशम्मा म्हणाली, "बावीस वर्षं झाली, एकही नाही." आणि शेजारी उभी असलेली सुवार्ता, आईकडं न बघता, ड्यूटीवरच्या आवाजात, "येत होत्या. सुरुवातीला आठवड्यात दोन-तीन. मग मी गोळ्या चालू केल्या, तेव्हापासून वर्षाकाठी एखादी." डॉक्टरनं लिहून घेतलं. काशम्मानं नंतर विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, अप्पांनी शपथ घातली होती. तू साक्ष दिली होतीस ना. बस. त्यानंतर दोघींमध्ये या विषयावर एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी ईरप्पा गेला.

म्हणजे माझी साक्ष खोटी पडू नये म्हणून तो माणूस बावीस वर्षं चोरून आजारी पडत राहिला. पहिली पाळी करून साडेतीनला घरी यायचा. काशम्माला शाळा आणि शिकवण्या करून यायला सहा वाजायचे. त्या अडीच तासांत काय ते. एवढं गेल्या नऊ वर्षांत तिनं पुष्कळ वेळा मनाशी मांडून बघितलं होतं, पुष्कळ वेळा रडूनही झालं होतं. त्यात नवं काही उरलं नाही, असं ती धरून चालली होती.

अकराच्या सुमाराला खाली मोटारसायकल वाजली. वळसंगचा चन्नवीर. ईरप्पाचा जुना ओळखीचा, तरुण होता तेव्हापासून दर डिसेंबरला कडब्याची पेंढी आणून देतो. त्याला नाताळाचं काही नाही, कपाळाला विभूती लावून येतो आणि फराळाचं ताट संपवून जातो. काड्या कमी पडतील म्हणून तिनं त्याला काल आणखी एक पेंढी सांगितली होती. जिना चढून आला, दारात पेंढी उभी केली.

"यंदा पाऊस लई झाला, बाई. जुनाच हाय कडबा, पन कोरडा हाय. बगा."

तिनं करंज्या-चिवड्याचं ताट पुढं ठेवलं. तो भिंतीला टेकून बसला. काशम्माला बोलायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून सांगितलं — उद्या मेणबत्ती आहे, साक्ष आहे, सुवार्ता आली तर येईल.

"येनार व्हय पोर?" चन्नवीरचा चेहरा उजळला. "शानी पोर हो तुमची. लानपनापास्नं. तुमास्नी म्हनून सांगतो, मालक गेल्यावर तुमाला कळलंच असंल की सगळं. भूकंपाच्या पुडच्या साली मी असाच पेंढी घिऊन आलतो, सायकलीवर. दुपारचं चार वाजलं असतील. दार नुसतं लोटल्यालं. आत बगतो तर मालक हितं फरशीवर, तोंडाला फेस, आन ही एवढीशी पोर त्येंच्या डोक्याखाली टावेल सरकवतीया. कुशीवर केलतं तिनं. मी घाबरलो की. कांदा आना म्हनलं. तर म्हनली, काका, कांदा नको, आता थांबंल आपोआप. जनू रोजचंच हाय."

काशम्मानं समोरच्या फरशीकडं पाहिलं.

"मग पुसून घेतलं सगळं, फरशी पुसली, टावेल धुतला. आन मला म्हनती कशी, काका, अव्वाला सांगू नका. मी म्हनलं न्हाय सांगत. तवा ही पेंढी सोडली न्हवं का हितं, त्यातनं एक काडी उपसली, आन त्या कपाटामागं घातली लपवून. मी म्हनलं, काडी कशाला गं? तर म्हनली, ही आजची." तो हसला, करंजीचा तुकडा तोंडात टाकला. "पोरास्नी काय, खेळच की."

तो गेला कधी, काय बोलून गेला, ताट कुणी उचललं... उचललं तिनंच असणार, कारण ताट मोरीत होतं आणि ती पुन्हा चादरीवर येऊन बसली होती. ही आजची.

ही आजची. त्याआधीची एक. त्याच्याही आधीची एक. नऊ.

टॉवेल — तो महिना टॉवेलचाच होता, आता आठवतं. संध्याकाळी घरी यावं तर दोरीवर ओला टॉवेल. पाणी दिवसाआड यायचं, पिंपात जेमतेम साठवलेलं, आणि ही कार्टी सारखी टॉवेल धुऊन पाणी नासते म्हणून काशम्मानं तिच्या पाठीत धपाटे घातले होते. दोनदा का तीनदा. घरात तुझा बाप पाण्याची विहीर बांधून गेलाय का, असं म्हणाली होती. आणि बाप पलीकडं बाजेवर बसून पेपर वाचत होता, अगदी डोळ्यांपुढं पेपर धरून. त्या माणसानंही तोंड उघडलं नाही! तिला एकदम संताप आला, मेलेल्या माणसावर यावा तसला, ज्याला जायला वाट नसते. वर्गाच्या दारातही उभा होतास ना तू? पोर तुझ्याकडं बघत होती. सांगू का अप्पा, म्हणून बघत होती. तू मान हलवली असतीस तर... की हलवलीस? नको म्हणून हलवलीस? मी पाठमोरी होते, मला काय दिसणार. मी तर विनोद करत होते. अप्पा सांगणार आहेत का...

आणि सगळा वर्ग हसला.

संताप फार वेळ टिकला नाही. तो टिकला असता तर बरं, त्याच्या आडोशाला बसता आलं असतं. ईरप्पा गप्प बसला तो कुणाच्या भीतीनं? बायकोच्या. बायको मारकुटी नव्हती, कजाग नव्हती. बायकोनं देवाचं नाव घेऊन चारचौघांत सांगून ठेवलं होतं की हा बरा झाला, आणि आता त्याला बरं असणं भाग होतं. देवाची प्रीती डोळ्यांनी पाहिली म्हणणारी बाई... आणि ती प्रीती दुपारी साडेतीन ते सहा तिच्याच घरात फरशी पुसत होती, टॉवेल पिळत होती, आणि बाई सहा वाजता येऊन तिला धपाटे घालत होती. पोरीला तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून तिनं मुठीत आणलं. तेवढी एकच जागा तिला सापडली होती, जिथं न सांगता काही ठेवता येईल. आणि दाराशी मी बसलेली, नियम घेऊन.

मॅडमच्या काळी कुणी विचारत नव्हतं.

दुपार झाली, ती जेवली नाही. जेवली नाही म्हणजे देवासाठी उपास वगैरे नव्हे, उठलीच नाही. समोरच्या घरावर पोरं कागदी चांदणी लावत होती, वायर पुरत नव्हती, वरून खालून हाका चालल्या होत्या. वहीतली ओळ तिथंच. देवाची प्रीती म्हणजे. इतक्या वर्षांत किती मुलांना शिकवली तिनं, वचनं पाठ करून घेतली, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. तो आधी येतो, आपण लायक आहोत का हे न बघता येतो, गोठ्यात येतो — सगळं तोंडपाठ. आणि तोंडानं ते म्हणत असताना हातानं गव्हाणीच्या दारात जकात नाकं उघडून बसली होती. बाळाची गादी मऊ व्हायला हवी म्हणे. बाळ काय गादीचं माप घेऊन येणार होतं?

चार वाजता तिनं फोन लावला. ड्यूटीवर असताना फोन केलेला सुवार्ताला आवडत नाही, माहीत होतं. माहीत असूनही लावला. उद्यापर्यंत थांबलं तर हे तोंडातून निघायचं नाही, आणि न सांगता उद्या तिच्या शेजारी... ती आली तर... छे.

"बोल अव्वा. बरी आहेस ना?"

"बरी आहे. चन्नवीर आला होता."

"हं. कडबा दिला?"

"दिला. सुवार्ता, तू चौथीत होतीस, तेव्हाच्या त्या काड्या..."

पलीकडं कुणीतरी रडत होतं, लहान मूल, सुई टोचली असणार. सुवार्ता कुणाला तरी म्हणाली, दाबून धरा, चोळू नका. मग फोनवर परत. "काय म्हणालीस?"

"काड्या गं. अकरा टाकणार होतीस. मी नऊ काढून घेतल्या. त्या... त्या अप्पांच्या होत्या. मला ठाऊक नव्हतं. आज कळलं."

पलीकडं मूल रडायचं थांबलं, का सुवार्ता बाहेर आली, आवाज बदलला. नुसता वारा लागल्यासारखा. काशम्मानं फोन कानाशी घट्ट धरला.

"मला नाही आठवत अव्वा."

"आठवत कसं नाही?" आवाज आपोआप वर्गातला लागला. "सगळ्या वर्गासमोर मी तुला खोटारडी ठरवलं. निळा फ्रॉक होता. तू दाराकडं बघत होतीस. आठव बरं."

"नाही आठवत गं."

"असं कसं? एकेक करून काढल्या मी. तू काहीतरी म्हण. रागाव तरी. तोंडानं काहीतरी सांगशील की नाही?"

हे ऐकलं तिनं. स्वतःचंच वाक्य, स्वतःच्याच आवाजात, फोनमधून जाऊन परत आल्यासारखं ऐकू आलं, आणि ती थबकली. तोंडानं सांग. उभी राहा, आणि एकेक करून सांग. मग मी बघेन. एकतीस वर्षांनी पोरीकडं क्षमा मागायला गेले तीही वही घेऊनच.

"अव्वा," सुवार्ता म्हणाली, सावकाश, पेशंटशी बोलावं तसं नव्हे, कुठल्याशा जुन्या आवाजात, जो काशम्मानं फार दिवसांत ऐकला नव्हता. "मी उद्या येतेय. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते. साडेआठला सुरू होतं ना?"

"येतेस?"

"काल रात्रीच रजा टाकली. तुझा फोन ठेवला आणि टाकली."

काल. म्हणजे चन्नवीर येण्याच्या आधी. हे सगळं कळण्याच्या आधी, काशम्मानं एक अक्षर कबूल करण्याच्या आधी. तिनं विचारलं, "काय खाशील?" आणि विचारल्यावर स्वतःलाच ओशाळं वाटलं.

"काही नको करू. गुडघ्याची गोळी घेतलीस?" आणि मग, फोन ठेवता ठेवता, जसं काही एसटीच्या वेळेचंच बोलावं तसं, "आणि अव्वा, उद्या मुलांना विचारत बसू नकोस. टाकू दे त्यांना."

फोन बंद झाला. काशम्मा तो हातात धरून बसून राहिली. विचारत बसू नकोस. म्हणजे आठवत होतं तर. आठवतही होतं आणि नाहीही म्हणाली. खोटं बोलली... देवाला खोटं चालत नाही, असं जिला सांगितलं तीच आता आईसाठी खोटं बोलली, बापासाठी तेव्हा गप्प बसली होती तशीच. का खरंच आठवत नव्हतं, आणि ते शेवटचं आपलं सहज? परत फोन करून विचारावं, असं मनात आलं. बोट नंबरावर गेलंही. मग तिनं फोन चादरीवर पालथा घातला.

उन्हं उतरली. समोरच्या पोरांची चांदणी एकदाची लागली, लाल, आणि तिचा उजेड इकडच्या भिंतीवर आला. सकाळपासून भीती होती, सुवार्ता येणार नाही याची. आता वेगळीच भीती वाटत होती. ती येणार याची. येईल, शेजारी उभी राहील, मेणबत्तीला काडी लावताना हाताला हात लागेल, आणि त्या येण्यासाठी आपण काहीच केलेलं नाही. कबुली दिली, तर ती रजा टाकून झाल्यावर. रडले, तेही नंतर. हे कुठं ठेवायचं? कुठल्या कामापुढं मांडायचं? जन्मभर एक काम, एक काडी करणाऱ्या बाईच्या हातात कुणी फुकट मूठभर ठेवलं, तर तिनं ते धरायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः मात्र चौतीस वर्षं शिकवत होती.

वही तिनं जवळ ओढली. ओळ वाचली. पेन उघडलं, टोपण मागं लावलं, आणि काहीच लिहिलं नाही. उद्या उभं राहिल्यावर बघू. कदाचित काही बोलणारच नाही, पाच मिनिटं नुसती उभी राहीन, लोक म्हणतील बाईंना बोलायचं सुचेना... म्हणू देत.

मग चन्नवीरची नवी पेंढी सोडली आणि काड्या उपसायला लागली. शेंड्याकडच्या, बारीक. पातं बोटाला कापलं, तिनं बोट तोंडात धरलं, पुन्हा उपसायला लागली. जुड्या बांधायच्या नाहीत यंदा. टोपलीत अशाच ठेवायच्या, मोकळ्या, मुलांनी हव्या तेवढ्या घ्याव्यात. मोजायच्याही नाहीत. असं तिनं ठरवलं, मनाशी अगदी पक्कं ठरवलं, आणि लाल उजेडात बसून काडीवर काडी टाकत राहिली. आणि ओठ आपले हलतच होते, सात, आठ, नऊ... नऊला हात थांबला. पुढचा आकडा तिला माहीत होता. तो म्हणायला तोंड उघडेना.